वाऱ्याच्या वेळापत्रकावरचं गाव

कुकटाऊनला जायचं ठरलं की बहुतेक जण जून ते ऑगस्टमधली तारीख धरतात. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, क्वीन्सलंडच्या या टोकाला तेव्हा कोरडा ऋतू असतो. ऊन सोसवतं, रस्ते उघडे असतात, डास कमी असतात. माहितीपत्रकांतही हाच हंगाम उत्तम म्हणून छापलेला असतो. ते खरं आहे, पण जमिनीपुरतं. समुद्राचं गणित वेगळं आहे. याच महिन्यांत आग्नेयेकडून येणारा व्यापारी वारा या किनाऱ्यावर दिवसेंदिवस एका दमात वाहत राहतो. वीस ते पंचवीस नॉट, म्हणजे ताशी ३७ ते ४६ किलोमीटर, हा इथला रोजचा वारा. आभाळ निळंभोर, पावसाचा थेंब नाही, आणि तरी बोट धक्क्याला बांधलेली. दोन रात्रींचं आरक्षण करून ग्रेट बॅरिअर रीफचा प्रवाळ बघायला आलेली मंडळी मग हॉटेलच्या व्हरांड्यात बसून नारळाच्या झावळ्या हलताना बघतात.

म्हणून कुकटाऊनच्या बाबतीत माझं ठाम मत आहे, आधी वारा समजून घ्यावा, मग भरती-ओहोटीचा तक्ता उघडावा, आणि आरक्षण सगळ्यात शेवटी करावं. केर्न्स किंवा पोर्ट डग्लससारख्या गावांतून मोठ्या, वेगवान बोटी रोज सुटतात. तिथं वाऱ्याचा जाच कमी जाणवतो. कुकटाऊनला तसा ताफा नाही. छोट्या भाड्याच्या बोटी आहेत, आणि त्यांचे तांडेल वारा बघूनच हो म्हणतात. यात गैरसोय आहे खरी, पण हे गाव ज्या घटनेमुळे नकाशावर आलं तीही याच वाऱ्यात आणि याच भरतीत घडली. ते समजलं की गावातली टेकडी, नदी, धक्का, सगळं जागच्या जागी बसतं.

११ जून १७७०. जेम्स कुक या इंग्रज दर्यावर्दीचं ‘एन्डेव्हर’ हे जहाज रात्री अकराच्या सुमाराला प्रवाळाच्या खडकावर चढलं. वेळ नेमकी भरतीची होती, आणि खरा घात तिथंच झाला. ओहोटीच्या वेळी अडकलेलं जहाज पुढची भरती आपोआप उचलते. ऐन भरतीला अडकलेल्या जहाजाला सुटायला तितकंच, किंबहुना थोडं अधिकच पाणी लागतं. ते मिळेपर्यंत वजन कमी करणं एवढंच हातात होतं. सहा तोफा, तळाशी भरलेलं लोखंड आणि दगड, पिंपं, तेलाचे बुधले, खराब झालेला शिधा असं चाळीस-पन्नास टन सामान समुद्रात गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळची भरती आली, पण ती दीड फूट तोकडी पडली. जहाज सुटलं ते त्या रात्रीच्या भरतीला, जवळजवळ तेवीस तासांनी. या ऋतूत या किनाऱ्यावर रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा बरीच उंच असते, हे कुकने नंतर नीट नोंदवून ठेवलं. आजही भरतीचा तक्ता बघताना दिवसाचे दोन्ही आकडे वाचावेत. एक बघून दुसरा तेवढाच असेल असं धरणारे लोक होडी वाळूवर लावतात आणि मग संध्याकाळपर्यंत तिच्याशेजारी बसून राहतात.

खडकावरून सुटल्यावर गळती वाढेल अशी भीती होती. पंप चालू होते, माणसं दमली होती. जोनाथन मंकहाउस नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पूर्वी पाहिलेली एक युक्ती सुचवली. एक जादा शीड पसरायचं, दोरखंडाचे पिंजलेले तंतू आणि लोकर बारीक कापून, कालवून मूठमूठ त्यावर चिकटवायची, वर मेंढ्यांचं शेण पसरायचं आणि ते शीड दोरांनी जहाजाच्या तळाखालून ओढत न्यायचं. भोकापाशी आलं की आत शिरणाऱ्या पाण्याच्या ओढीनेच तो भुगा फटीत जाऊन बसतो. तसंच झालं, आणि नंतर एका पंपावर काम भागलं. पुढं नदीत नेऊन जहाज कलतं केलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्यात मोठ्या भोकात प्रवाळाचाच एक भलामोठा तुकडा मोडून अडकून बसला होता. ज्याने भोक पाडलं त्यानेच ते बरंचसं बुजवूनही ठेवलं होतं.

नदीचं मुख सापडलं होतं, पण आत शिरायला आणखी काही दिवस गेले, कारण वारा. १७ जूनला जहाज आत आलं, आणि येताना दोनदा वाळूत रुतलं. ‘एन्डेव्हर’ मुळात कोळसा वाहणारं, सपाट तळाचं जहाज होतं. त्याला किनाऱ्यावर बसवता येत होतं, भरतीला वर ओढता आणि ओहोटीला तळ उघडा पाडता येत होता. खोल, निमुळत्या तळाचं एखादं दिमाखदार लढाऊ जहाज असतं तर ही दुरुस्ती अशी झाली नसती. वीस जुलैच्या सुमाराला सगळं सामान चढवून जहाज तयार होतं. तरी ते ४ ऑगस्टपर्यंत हललं नाही. पुन्हा तेच, आग्नेयेचा वारा नदीच्या तोंडातून बाहेर पडू देईना. एकूण मुक्काम ४८ दिवसांचा झाला, आणि त्यातले शेवटचे पंधराएक दिवस दुरुस्तीत नव्हे, वाट बघण्यात गेले. आज बोट रद्द झाली म्हणून चिडणाऱ्या पाहुण्याला मी हेच सांगेन.

गावात पोचल्यावर पहिलं काम ग्रासी हिल. १६२ मीटर उंचीची ही टेकडी नदीच्या मुखाच्या दक्षिणेला उभी आहे आणि आग्नेयेचा वारा स्वतःच्या पाठीवर घेते. म्हणून तर तिच्या आडोशाला नदीत जहाज सुरक्षित राहिलं आणि शंभर वर्षांनी गावही तिथंच वसलं. माथ्यापर्यंत गाडी जाते. वर १८८६चं लोखंडी पत्र्याचं छोटं दीपगृह आहे. बहुतेक लोक इथं सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला येतात. फोटोसाठी ते ठीक आहे, प्रवाळ बघायला ती वेळ चुकीची. सकाळी सूर्य समुद्राच्या बाजूला असतो आणि पाणी नुसतं चकाकतं. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान, सूर्य अजून वर पण आपल्या पाठीशी कललेला असताना, आणि जमल्यास ओहोटीच्या वेळी यावं. चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा सोबत असावा. मग पाण्यावर रंग वाचता येतात. तपकिरी म्हणजे पृष्ठभागालगत आलेला खडक, फिकट हिरवा म्हणजे उथळ वाळू, गडद निळा म्हणजे खोल वाट. प्रवाळातून होडी नेणारी माणसं आजही याच रंगांवर भिस्त ठेवतात, आणि म्हणूनच सूर्य डोळ्यांवर असताना खडकांमधून होडी नेत नाहीत.

कुकही याच टेकडीवर ओहोटीच्या वेळी चढून बाहेर पडायची वाट शोधत होता. जिकडं बघावं तिकडं वाळूचे दांडे आणि खडक दिसले. तुम्हीही तिथं उभे राहून आधी फक्त एवढंच करा, एखादी निळी वाट नजरेने धरून ती कुठवर जाते ते बघा. थोड्याच वेळात ती तपकिरी डागात संपते. मग दुसरी धरा. प्रवाळ म्हणजे रंगीत मासे आणि काचतळाची होडी एवढंच चित्र मनात घेऊन आलेल्याला तो अडथळा म्हणून किती प्रचंड आहे हे इथूनच कळतं. वर वारा जोराचा असतो. टोपीला दोरी हवी, आणि गाडीचं दार उघडताना हाताने धरून उघडावं. बिजागऱ्या वाकल्याची उदाहरणं आहेत.

ही भूमी गुगू यिमिदिर लोकांची. त्यांच्या भाषेत वस्तूची जागा सांगताना डावं-उजवं वापरत नाहीत, दिशाच सांगतात, अगदी ताटाशेजारचा चमचाही पूर्वेला किंवा पश्चिमेला असतो. बोलणाऱ्याला घरात बसूनही उत्तर दिशा कुठं हे सतत ठाऊक असावं लागतं. भाषाशास्त्रज्ञांनी जगभर अभ्यासलेली ही गोष्ट टेकडीवर उभं राहिल्यावर नवलाची राहत नाही. वारा वर्षातले कित्येक महिने एकाच दिशेने येतो, समुद्र पूर्वेला, नदीचं तोंड उत्तरेला. इथं दिशा अंगावर येते.

नदीकाठचा हा भाग त्यांच्या परंपरेत सगळ्या कुळांचा सामाईक होता. तिथं भांडणं मिटवायची, रक्त सांडायचं नाही, असा दंडक होता. कुकच्या लोकांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. जुलैच्या मध्यावर जहाजाच्या लोकांनी बरीच कासवं पकडून डेकवर ठेवली होती. भेटीला आलेल्या गुगू यिमिदिर पुरुषांनी त्यातलं एक मागितलं, नकार मिळाला, ओढून न्यायचा प्रयत्नही झाला. मग त्यांनी किनाऱ्यावर येऊन छावणीभोवतीचं वाळलेलं गवत पेटवलं. कुकने बंदूक चालवली, एक माणूस जखमी झाला. थोड्या वेळाने एका वृद्धाने टोक मोडलेला भाला हातात घेऊन पुढं येऊन बोलणी केली आणि वाद मिटला. ती खडकाळ जागा आज गावात ‘रिकन्सिलिएशन रॉक्स’ म्हणून दाखवतात, आणि दर जूनमध्ये उतरण्याचा आणि समेटाचा प्रसंग तिथं सादर होतो. पाहुण्यांनी संग्रहालयाच्या आधी ही जागा बघावी. नंतर बघितली तर ती कुकच्या गोष्टीतली तळटीप वाटते. आधी बघितली तर कुक या जागेच्या गोष्टीतला एक पाहुणा वाटतो, आणि ते अधिक खरं आहे. धक्क्याजवळची मिल्बी वॉल ही रंगीत फरशांची भिंतही याच क्रमात घ्यावी. गुगू यिमिदिर लोकांनी स्वतःचा इतिहास त्यांच्या बाजूने तिच्यावर मांडला आहे.

समेट टिकला नाही. १८७३ मध्ये जेम्स मलिगनच्या तुकडीने पामर नदीतून १०२ औंस सोनं आणलं आणि २५ ऑक्टोबरला ‘लाइकहार्ट’ हे वाफेचं जहाज खाणकामगार आणि सरकारी माणसं घेऊन या नदीत शिरलं. दोन आठवड्यांच्या आत, सोन्याच्या वाटेवरच्या बॅटल कॅम्प या जागी बंदुका चालल्या होत्या. पुढची वर्षं गुगू यिमिदिर आणि शेजारच्या लोकांच्या संहाराची आहेत. शार्लट स्ट्रीटवरच्या देखण्या इमारती बघताना ही तारीख लक्षात असू द्यावी. तंबूंचं गाव काही महिन्यांत बंदर झालं, चिनी व्यापारी आणि खाणकामगार हजारोंनी आले, बँका आणि दारूचे गुत्ते उभे राहिले. मग सोनं आटलं. लॉरा या आतल्या गावापर्यंतची रेल्वे १८८८ मध्ये पोचली तेव्हा तिला वाहायला फारसं काही उरलं नव्हतं. लॉरा नदीवर १८९१ मध्ये पूल बांधला, त्यावरून चाचणीची गाडी गेली आणि पुढं लोहमार्ग वाढलाच नाही. १९०७चं वादळ, १९१९ची आग, १९४२ मधलं युद्धकाळातलं स्थलांतर यांतून जे उरलं तेवढंच आज दिसतं. त्यामुळे रांगेने जुनी घरं असलेलं गाव डोळ्यांसमोर आणू नये. एक इमारत, मग मोकळी जागा, मग एक इमारत, असा हा रस्ता आहे.

संग्रहालय मात्र चुकवू नये. ती इमारत सिस्टर्स ऑफ मर्सी या जोगिणींच्या मठाची, १८८८-८९ सालची. १९७० मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते तिथं संग्रहालय उघडलं. ‘एन्डेव्हर’वरून टाकलेल्या तोफा १९६९ मध्ये आणि नांगर १९७१ मध्ये प्रवाळातून वर काढले. त्यातली एक तोफ आणि नांगर इथं आहेत. मघाशी वाचलेलं ते चाळीस-पन्नास टन वजन नांगराच्या लोखंडाकडे बघून खरं वाटायला लागतं. पावसाळ्यात इथल्या वेळा कमी होतात, आधी विचारून जावं. १८७८ पासूनच्या वनस्पती उद्यानात व्हेरा स्कार्थ-जॉन्सन या चित्रकर्तीने गावाला दिलेली फुलापानांची चित्रं आहेत. बँक्स आणि सोलांडर या ‘एन्डेव्हर’वरच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी याच नदीकाठी गोळा केलेल्या झाडांपैकी बरीच तिथं जिवंत बघायला मिळतात. दुपारच्या उन्हाचे दोन तास उद्यानाला द्यावेत.

आता प्रवाळ. सप्टेंबरनंतर वारा मऊ पडायला लागतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्र कधीकधी तेलासारखा सपाट होतो. डिसेंबर ते एप्रिल पावसाळा आणि वादळांचा काळ. तुमची तारीख जून-जुलैचीच असेल तर निदान तीन-चार दिवस मोकळे ठेवा आणि बोटवाल्याला सांगून ठेवा, जो दिवस पंधरा नॉटच्या आत येईल तो आमचा. वारा असताना गेलात तर अडचण फक्त उलट्यांची नसते. लाटांनी तळाचा गाळ ढवळला जातो आणि पाण्याखाली चार-पाच मीटरपुढं दिसत नाही. अशा वेळी चांगला तांडेल खडकाच्या वाऱ्याआडच्या बाजूला, म्हणजे वायव्येकडे नांगर टाकतो. नांगर वाळूवर पडायला हवा, प्रवाळावर नव्हे; ते बघून बोटवाल्याची पारख होते. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. स्नॉर्कल लावून पहिल्यांदा उतरणाऱ्याने मुखवट्याच्या कडेखाली केस किंवा टोपीची कड राहिली नाही ना ते बघावं. पाणी आत येण्याचं बहुतेक वेळा तेच कारण असतं. दाढीमिशी असेल तर वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावावं. आणि दम लागला तर पाठीवर उताणं व्हावं, पाय खाली टेकवू नयेत. प्रवाळाच्या वरचा जिवंत थर कागदाइतका पातळ असतो.

२०१६ मध्ये समुद्राचं पाणी तापून जो प्रवाळ पांढरा पडला, त्यात सगळ्यात जास्त नुकसान पोर्ट डग्लसच्या उत्तरेच्या, म्हणजे नेमक्या याच पट्ट्याचं झालं. त्याआधी २०१४ आणि २०१५ मध्ये ‘इटा’ आणि ‘नेथन’ या वादळांनी इथले खडक घासून काढले होते. २०२४ मध्ये पुन्हा पाणी तापलं. काही खडकांवर फांद्यांचा प्रवाळ झपाट्याने परत येतो, शेकडो वर्षांचे गोल गड्डे गेले की परत येत नाहीत. छायाचित्रांतल्यासारखं सगळीकडे दिसेल या अपेक्षेने जाऊ नका, पण सगळं संपलं आहे असं समजून घरीही बसू नका. शेजारशेजारच्या दोन खडकांत जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि तो बोटवाल्यांना ठाऊक असतो. ‘या वर्षी कुठं बरं आहे?’ हा प्रश्न आरक्षण करतानाच विचारावा.

उत्तरेला नव्वदएक किलोमीटरवर लिझर्ड आयलंड आहे. छोट्या विमानाने जाता येतं. कुक नदीतून सुटल्यावर या बेटाच्या माथ्यावर चढला आणि तिथून त्याला बाहेरच्या प्रवाळभिंतीतली फट दिसली. साडेतीनशे मीटरहून उंच असलेली ती चढण आजही करता येते. पहाटे सुरुवात करावी, कारण ग्रॅनाइट नऊ वाजल्यापासून तापतो आणि वाटेत सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी हा किमान हिशेब. दिंगाल लोक या बेटाला जीगुरू म्हणतात आणि त्यांच्यासाठी ते पवित्र आहे. इथं सापडलेली मातीच्या भांड्यांची खापरं दोन ते तीन हजार वर्षांपूर्वीची असल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या लोकांनी भांडी घडवली नाहीत असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं होतं, ते या खापरांनी मोडून काढलं. १८८१ मध्ये याच बेटावर समुद्रकाकडी (समुद्रतळावरचा एक प्राणी) उकळण्याचा धंदा चालवणाऱ्या वॉटसन कुटुंबाची कथा घडली. नवरा समुद्रावर असताना हल्ला झाला. मेरी वॉटसन तान्हं बाळ आणि अह सॅम या जखमी चिनी कामगाराला घेऊन उकळण्याच्या लोखंडी टाकीत बसून निघाली, आणि तिघंही पुढच्या एका कोरड्या बेटावर तहानेने गेली. तिचं स्मारक शार्लट स्ट्रीटवर आहे. या पाण्यात माणसं तहानेनेही मरत, हे त्या स्मारकाशेजारचं पिण्याच्या पाण्याचं कारंजं बघून ध्यानात येतं.

नदी दिसायला शांत आहे. तिच्यात पोहायचं नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी नदीत, खाजणात, किनाऱ्यालगतच्या समुद्रातही असतात. फिंच बे हा सुंदर किनारा आहे, चालायला. पाण्याच्या कडेपासून किमान पाच मीटर लांब राहावं, तंबू पाण्यापासून पन्नास मीटर दूर आणि भरतीरेषेच्या निदान दोन मीटर वर लावावा. यामागचं कारण कळलं की नियम पाळावेसे वाटतात. मगर टेहळणी करते. रोज त्याच वेळी त्याच दगडावर येऊन भांडी घासणारा किंवा मासे साफ करणारा माणूस ती लक्षात ठेवते. म्हणून एकदा गेलात त्या जागी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ नये, आणि माशांची आतडी बोटीच्या उतरणीवर कधीच टाकू नयेत. पाणी गुडघाभर आहे हा काही दिलासा नव्हे.

नोव्हेंबर ते मे हा जेलीफिशचा काळ. किनाऱ्यालगत बॉक्स जेलीफिश, आणि नखाएवढी इरुकांजी तर दूर प्रवाळावरही. अंगभर लायक्राचा सूट हाच खरा उपाय; तो बोटीवर मिळतो. डंख झाला तर त्यावर किमान तीस सेकंद व्हिनेगर ओतावं, मग चिकटलेले धागे काढावेत आणि ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. व्हिनेगरने वेदना कमी होत नाही. त्वचेवर अजून न फुटलेल्या विषारी पेशी फुटायच्या थांबतात, म्हणून ते ओतायचं. गोडं पाणी ओतलं किंवा वाळूने चोळलं तर त्याच पेशी फुटतात. इरुकांजीचा डंख सुरुवातीला क्षुल्लक वाटतो. वीस-तीस मिनिटांनी कंबर भरून येते, उलट्या सुरू होतात, रक्तदाब चढतो. तेव्हा ‘काही विशेष नाही’ म्हणून डुलकी काढायला जाऊ नये, कुणाच्या तरी नजरेसमोर बसावं.

सदाहरित वन गावाच्या दक्षिणेला सुरू होतं, आणि तिथं पुन्हा वारा आहे. आग्नेयेचा ओला वारा थॉर्नटन पीक (१,३७४ मीटर) आणि माउंट फिनिगन (१,१४८ मीटर) या डोंगरांना धडकून रिता होतो. म्हणून केप ट्रिब्युलेशनला कुकटाऊनच्या दुपटीच्या आसपास पाऊस पडतो आणि कुकटाऊनच्या उत्तरेला विरळ झाडांचं गवताळ रान लागतं. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि पलीकडच्या देशावर जो फरक पडतो तोच हा. सीमारेषेवर, गावापासून २५ किलोमीटरवर, कालकाजका म्हणजे ब्लॅक माउंटन आहे: घराएवढ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा ढीग, माती नाहीच. धोंडे आतून करडे आहेत. लोह-मँगनीजच्या थराने बाहेरून काळे झालेले. तापलेल्या दगडावर थंड पावसाची सर आली की ते फुटतातही. एक बेडूक, एक पाल आणि एक सापसुरळीच्या जातीचा प्राणी जगात फक्त या ढिगात राहतो. कुकू न्युंगकल लोकांसाठी ही जागा पवित्र आहे. रस्त्याकडेच्या चौथऱ्यावरून बघावं, वर चढू नये. फटी किती खोल आहेत हे वरून कळत नाही.

केर्न्सहून कुकटाऊनला दोन वाटा आहेत. आतली मलिगन हायवे, मरीबा आणि लेकलंडवरून सुमारे ३३० किलोमीटर, संपूर्ण डांबरी, चार तासांची. दुसरी किनाऱ्याने, डेंट्री नदी तराफ्यावरून ओलांडून केप ट्रिब्युलेशनपर्यंत डांबरी आणि तिथून वुजल वुजलपर्यंत ब्लूमफील्ड ट्रॅक. हा कच्चा रस्ता आहे. डोनोव्हन आणि काउई डोंगरांवर चढ इतके उभे की फोर-व्हील ड्राइव्हच्या लो गिअरमध्येच चढावं आणि उतरावं लागतं. उतारावर ब्रेक दाबून ठेवला की चाकं लॉक होऊन गाडी मातीवर घसरते. इंजिनाच्या ओढीवरच उतरायचं. भाड्याच्या बहुतेक गाड्यांचा विमा इथं लागू नसतो, करारातलं बारीक अक्षर वाचूनच ठरवा. ओढे ओलांडताना आपल्या सवयीप्रमाणे आधी पाण्यात उतरून खोली बघू नका, मगरींमुळे. खोलीची पट्टी बघा, नाहीतर दुसरी गाडी येईपर्यंत थांबा. किनाऱ्याजवळच्या ओढ्यांत भरतीचं पाणी शिरतं, सकाळी टाचभर असलेला ओढा दुपारी मांडीभर होतो. डिसेंबर २०२३ मध्ये ‘जॅस्पर’ वादळाच्या पुराने वुजल वुजल अख्खं रिकामं करावं लागलं होतं. पावसानंतर रस्त्याची अवस्था त्याच दिवशी विचारावी. वुजल वुजल आणि होप व्हेल या वस्त्यांत दारू नेण्यावर निर्बंध आहेत, गाडीत बाटली असेल तर आधी चौकशी करा.

याच रस्त्यासाठी १९८३-८४ मध्ये बुलडोझर आले तेव्हा माणसं त्यांच्यापुढं आडवी झाली होती. रस्ता झाला, पण त्या झगड्यामुळे हे जंगल देशभर पोचलं आणि १९८८ मध्ये जागतिक वारशात गेलं. २०२१ मध्ये डेंट्रीची मालकी पूर्वेकडच्या कुकू यलंजी लोकांकडे परत आली. त्यांच्या मार्गदर्शकाबरोबरची एक फेरी, स्वतः हिंडलेल्या चार फेऱ्यांपेक्षा मोलाची आहे.

कोकणातून आलेल्याला इथं किनाऱ्यावर ओळखीची मंडळी भेटतात. सुरू, जो आपण आपल्या किनाऱ्यांवर मुद्दाम लावला, तो इथला मूळ रहिवासी आहे. उंडी आहे, केवड्याच्या कुळातली झाडं आहेत, आत शिरल्यावर वेत आहे. वेताच्या शेंड्याच्या लांब आकड्यांत कपडा अडकला तर पुढं ओढू नये, एक पाऊल मागं घ्यावं. आकडे मागच्या बाजूला वळलेले असतात. हृदयाच्या आकाराची, कातरलेल्या कडेची मोठी पानं उजेडाच्या जागी, पायवाटेच्या कडेला दिसली तर हात लावू नका. ते जिंपी-जिंपी. त्याची काचेसारखी केसं कातडीत शिरली की आग महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा उठते. चोळायचं अजिबात नाही; केस काढायच्या मेणपट्टीने ती उपटून काढायची. मेणपट्टीचं पाकीट गाडीत ठेवण्याजोगं आहे. कॅसोवरी हा मोठा, न उडणारा पक्षी समोर आला तर पाठ फिरवून पळू नये, पिशवी दोघांच्या मध्ये धरून हळूहळू मागं सरावं. त्याला खायला घालणं म्हणजे त्याला रस्त्यावर आणून गाडीखाली घालणं.

मुक्कामाचं म्हणाल तर तीन रात्रींपेक्षा कमी नको, समुद्र हवा असेल तर पाच. पहिली दुपार टेकडी, दुसरा दिवस गाव आणि उद्यान, बाकीचे वाऱ्याच्या स्वाधीन. मलिगन हायवेवर संध्याकाळी पाचनंतर गाडी चालवू नये. कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. पेट्रोल मरीबाला भरून घ्यावं, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण मध्ये रेंज जाते. शाकाहारी माणसाने मरीबाच्या दुकानांतून डाळ-तांदूळ, भाज्या घ्याव्यात. कुकटाऊनला दुकान आहे पण ताजा माल रोज नवा नसतो. भारतातून येताना कढीपत्ता, ताजी फळं, बिया आणू नयेत, आणि लोणचं, मसाले, फराळ यातलं जे काही असेल ते विमानतळावरच्या कार्डावर सरळ लिहावं. लिहिलेलं फार तर काढून घेतात. न लिहिलेलं सापडलं तर दंड मोठा असतो.

तारीख निवडायची मोकळीक असेल तर माझी शिफारस ऑक्टोबरचा उत्तरार्ध. उकाडा वाढलेला असतो, पण वारा पडलेला असतो, पावसाने रस्ते अजून बंद झालेले नसतात आणि जेलीफिशचा मुख्य काळ सुरू व्हायचा असतो. थोडं पुढं, नोव्हेंबरात पौर्णिमेनंतरच्या काही रात्री प्रवाळ एकाच वेळी बीज सोडतो. ते बघायला रात्रीचं डायव्हिंग येणाऱ्यांनी लायक्रा सूट घालून जावं. त्याच सुमाराला मरीबाच्या बागांत केन्सिंग्टन प्राइड आंबा उतरायला लागतो. या जातीचं मूळ एकोणिसाव्या शतकात भारताशी चाललेल्या घोड्यांच्या व्यापारातून बोवेन बंदरात आलेल्या आंब्यांत आहे, असं मानतात. हापूसपेक्षा पातळ रसाचा, थोडी टर्पेंटाइनची झाक असलेला. कापून खाण्यापेक्षा चोखून बरा लागतो. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेच्या टपरीवर मिळतो. केर्न्सच्या मुक्कामात संपतील एवढेच घ्यावेत, आणि देठाचा चीक कपड्यांना लागू देऊ नये, तो जात नाही.